सुलाबाईनं हापिसात मेंढरं बसवली

सुलाबाईला हळू बोलताना ऐकलेला माणूस बाभूळवाडीत अजून सापडायचा आहे. ती नवऱ्याच्या कानात काही सांगायला लागली की वेशीवरची कुत्री उठून उभी राहतात. पलीकडच्या टेकाडावर चुकलेलं कोकरू तिच्या एका हाकेत वळतं आणि मधल्या घरातल्या बायका चुलीवरचं दूध सांभाळतात. तिचा नवरा आकाराम मात्र दिवसभरात तीनच गोष्टी बोलतो. ‘व्हय’, ‘बरं’ आणि ‘च्या टाक’. लोक म्हणतात, त्या घरात बोलण्याची वाटणी झाली तेव्हा आकाराम मेंढरांमागं गेला होता.

वाडी आटपाडीच्या पलीकडं, उघड्या माळावर. घरं बहुतेक धनगरांची. दिवाळी झाली की सुलाबाई, आकाराम आणि त्यांची मेंढरं नदीकाठच्या ऊसपट्ट्यात उतरतात. तिकडचे शेतकरी रान मोकळं झालं की त्यांची वाटच बघत असतात. रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची आणि मेंढरं रातभर आत बसवायची. लेंड्यांचं खत रानाला आणि भाकरी-कालवण धनगराला. सगळा व्यवहार तोंडी. धनगर बांधावर उभा राहून विचारतो, “मालक, किती रात बसवायची?” मालक म्हणतो, “बसवा दोन रात.” झालं. एकदा बोललं की मधेच उठवायचं नाही आणि बसलेल्या धनगराला उपाशी ठेवायचं नाही. नदीकाठची पोरं हे शाळेत जायच्या आधी शिकतात.

सुलाबाईनं हा प्रश्न जन्मभर इतक्या बांधांवर विचारला आहे, की झोपेत उठवलं तरी तिच्या तोंडून आधी तोच बाहेर पडेल. या एका सवयीपायी यंदा सगळा तालुका हसला.

उन्हाळा संपत आला होता. मेंढरं ऊसपट्ट्यातून परत वाडीला आली होती. पावसाआधीच्या लसी टोचून घ्यायला सुलाबाई वाडीतल्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि जयराज डॉक्टर. डॉक्टर पोरगेलासा, मिशी अजून नीट ठरलेली नाही. पण मेंढीच्या पोटाला हात लावून दुखणं सांगणारा. तो खुर्चीत तोंड पाडून बसला होता.

“काय झालं वं डाक्टर? बायकोनं जेवाय घातलं न्हाई व्हय?”

“मावशी, एक तारखेपासून हा दवाखाना तालुक्याच्या दवाखान्याला जोडणार आहेत.”

“बरंच की! मग हितं अजून एक खोली बांधत्याल.”

“नाही हो. इथं कुलूप लावणार. मला तिकडं बसवणार. सरकारच्या तिजोरीत खडखडाट झालाय. वरून काटकसरीचा आदेश आलाय.”

सुलाबाईनं पदर कमरेला खोचला. तिनं पदर खोचला की आकाराम दोन पावलं मागं सरतो. तो सरला.

“तिजोरी रिकामी केली त्येंनी, आन् कुलूप आमच्या दवाखान्याला?” ती म्हणाली. लिंबावरचे कावळे उडाले.

तिला ते साल आठवत होतं. दवाखाना यायच्या आधी एका पावसाळ्यात वाडीतली निम्मी मेंढरं हगवणीनं गेली होती. तिच्या सासऱ्यानं त्यानंतर काठी हातात धरली नाही. दवाखाना आला, लसी आल्या, तसं पुन्हा कधी झालं नाही. आता तालुक्याला जायचं म्हणजे धडधाकट मेंढराला जाऊन-येऊन दिवसभराची चाल. आजारी मेंढरू चालत नाही आणि एसटीत त्याला कुणी जागा देत नाही. दवाखान्याला कुलूप लागलं तर ते साल परत यायला वेळ लागणार नव्हता.

संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढं बैठक बसली. बैठकीचा ताबा सुभेदार नानासोंनी घेतला. नानासो फौजेतून निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली, पण फौज त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी ते ‘रिपोर्ट करो’ म्हणतात.

“देखो, ऐसा है,” त्यांनी काठीनं मातीत नकाशा काढला. “हे हापिस. हे गेट. आपन सुबह-सुबह निघायचं. मेंढरं बीच में, मानसं दोनों साइड. कोई आगे न्हाई, कोई पीछे न्हाई. समझे का रं?”

“आवं सुभेदार,” सुलाबाई म्हणाली, “मेंढरं पुढंच असत्यात. त्येंला तुमचा नकाशा कुनी दावायचा?”

हशा पिकला. तेवढ्यात सुलाबाईची सून माया पुढं आली. माया अंगणवाडी सेविका. मानधनासाठी तिनं इतके संप केले आहेत, की कुठल्या हापिसासमोर सावली किती वाजता कुठं सरकते हे तिला तोंडपाठ आहे. दुसऱ्या बायका मसाल्याचं प्रमाण सांगतात तशी ती आंदोलनाचं सांगते.

“आधी पाणी. मग चटई. मग घोषणा,” माया म्हणाली. “घोषणा छोटी पाहिजे, न्हाई तर निम्मे लोक मधेच श्वास घेतात. मी केलीया एक. ‘एसी तुमचे बंद करा, दवाखाना चालू धरा!’ आत्याबाईंनी द्यायची. त्यांचा आवाज असला तर स्पीकरचं भाडं वाचतंय.”

“म्हंजी आपन बी काटकसर केली,” कुणीतरी मागून म्हणालं.

दुसऱ्या दिवशी फटफटताना मेंढरं निघाली. सुलाबाई वाटेवर घोषणेची तालीम करू लागली. पण घोटाळा असा, की मेंढरांना तिचा चढा आवाज म्हणजे ‘थांबा’ एवढंच माहीत. तिनं “एसी तुमचे!” म्हटलं की सगळा कळप जागच्या जागी उभा राहायचा आणि तिच्याकडं बघायचा. सुभेदार ओरडायचे, “आगे बढो!” ते एकाही मेंढराला कळायचं नाही. शेवटी आकारामनं ‘हिर्र हिर्र’ करून कळप हलवला. एका तासात हे इतक्यांदा झालं, की माया म्हणाली, “आत्याबाई, आता तालीम पुरं. एकदम हापिसातच द्या.”

“आगं पर इसरली तर?”

“दोन तर वळी हायत.”

“दोन वळी हायत म्हनूनच भ्या वाटतंय. मला एका हाकेची सवय.”

तालुक्याच्या गावात जनावरांच्या खात्याचं हापिस मोठ्या आवारात आहे. आवाराला तारेचं कुंपण, कोपऱ्यात नळ, दोन मोठी लिंबं आणि कडेनं सरकारी वृक्षारोपणाची आंब्याची रोपं. रोपं जगावं की मरावं या विचारात उभी. गेट सताड उघडं होतं. मेंढरांनी सावली बघितली, पाण्याचा वास घेतला आणि कुणी काही म्हणायच्या आत सगळी आत. सुभेदारांचा नकाशा गेटातच राहिला.

हापिसातून राजवर्धन साहेब बाहेर आले. साहेब तिशीतले, कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरचे. कानाला मोबाइल. “हो सर, अहवाल पाठवतोय सर, नाही सर, इकडं सगळं शांत आहे सर,” असं म्हणत ते पायरीवर उभे राहिले. समोर सगळं आवार मेंढरांनी भरलेलं.

मायानं सुलाबाईला कोपरानं ढोसलं. सुलाबाईनं छाती भरून श्वास घेतला. सुभेदारांनी मुठी वळल्या. सगळी वाडी घोषणेच्या पाठीमागं ओरडायला तयार झाली.

सुलाबाईपुढं काय होतं? एक आवार, आत बसू पाहणारी मेंढरं आणि पायरीवर उभा जमिनीचा मालक. तिची जीभ जन्मभराच्या वाटेनं गेली.

“मालक!” ती गरजली. “किती रात बसवायची?”

साहेबांचा एक कान मोबाइलला, दुसरा रिकामा. त्या रिकाम्या कानात लहानपणापासून ऐकलेला प्रश्न गेला आणि लहानपणापासून ऐकलेलं उत्तर बाहेर पडलं.

“बसवा की दोन रात. त्या कडंच्या आंब्यांच्या बुडात जरा दाट बसवा.”

आणि साहेब मोबाइलवर पुढं बोलत आत गेले.

माया अशी हसायला लागली, की तिला नळाच्या कट्ट्यावर बसावं लागलं.

“आत्याबाई, आमी महिना-महिना बोंबलतो, तवा आमाला गेटाबाहीर बसू देत्यात. तुमी एका वाक्यात मुक्काम मिळवला!”

“घोषणा ऱ्हायली की गं,” सुलाबाई खट्टू होऊन म्हणाली.

“राहू द्या. वाघर लावा.”

आकारामनं आंब्यांच्या कडेनं जाळी ठोकायला सुरुवात केली. दाट म्हटलं होतं, त्यानं दाट बसवली.

साहेबांना काय झालं ते चहा पिताना उमगलं. ते धावत बाहेर आले. “अहो, हे काय? हे शासकीय आवार आहे! मला वाटलं—”

“काय वाटलं, मालक?” सुलाबाईनं भाबडेपणानं विचारलं. ती खरोखरच भाबडी होती, म्हणून साहेब वाक्य तसंच टाकून गेटाकडं वळले.

त्यांनी हवालदाराला बोलावलं. हवालदार धनाजी जवळच्याच गावचा. त्यानं टोपी सारखी करून दमात विचारलं, “कुनाच्या परवानगीनं बसवलीत मेंढरं?”

“सायबांच्या!” अख्खी वाडी एका आवाजात. सगळ्या आंदोलनात इतकी एकसाथ घोषणा पुन्हा झाली नाही.

हवालदारानं साहेबांकडं बघितलं. “व्हय साहेब? तुमी बसवा म्हनला?”

साहेबांचे कान तांबडे झाले. “म्हणालो… पण त्या अर्थानं नव्हे.”

“किती रात म्हनलासा?”

“दोन.”

“मग साहेब, परवा सकाळपतूर मी काय करू?” धनाजीनं टोपी काढून काखेत धरली. “शब्द दिल्यावर मेंढरं उठवली म्हनून आमच्या म्हाताऱ्याला कळलं, तर तो मला घरात घ्यायचा न्हाई.” आणि तो लिंबाखाली आकारामशेजारी जाऊन बसला. आकाराम म्हणाला, “च्या टाक.” एका बाईनं टाकला.

हापिसाच्या मागंच साहेबांचं राहतं घर. त्यांची आई मंगलकाकू कालच गावाकडून आल्या होत्या. मेंढरांचा आवाज ऐकून त्या बाहेर आल्या, वाघर बघितली, लिंबाखाली बसलेली माणसं बघितली आणि लेकाकडं वळल्या.

“राजू, मेंढरं बसलीत आन् मानसं उपाशी व्हय रं?”

“आई, हे आंदोलन आहे. माझ्याविरुद्ध आहे.”

“तुझ्याविरुद्ध आसंल, भाकरीविरुद्ध हाय का? तुझ्या बानं कवा कुना धनगराला भाकरीबिगार बसवलं न्हाई. भांडन जेवल्यावर करा.”

दुपारपर्यंत काकूंची चूल बाहेर आली. वाडीच्या बायका पीठ मळायला बसल्या. मायाच्या फोनवरून अंगणवाडीच्या सेविका आल्या. त्यांनी चटया आणल्या, मडकी आणली आणि पाठ असलेल्या सगळ्या घोषणा आणल्या. त्यातल्या निम्म्या मानधनाच्या होत्या. त्याही देऊन टाकल्या. कृष्णाकाठचं तिखट कालवण आणि माळावरची बाजरीची भाकरी एका ताटात आली. राजवर्धन साहेबांना खिडकीतून हात बाहेर काढून भाकरी घ्यावी लागली, कारण दाराशी मेंढरं होती.

आणि बातमी फिरली. धनगरांची बातमी रेडिओपेक्षा जोरात जाते. ऊसपट्ट्यातून माळाकडं परतणारे कळप तालुक्यावरूनच जातात. ‘हापिसात रान हाय, पानी हाय, मालकाची आई कालवन घालती,’ असं ऐकल्यावर कोण सरळ जाईल? संध्याकाळपर्यंत आणखी कळप गेटात उभे. प्रत्येक धनगर आत डोकावून विचारी, “मालक, आमी बी बसवू?” साहेब तोंड उघडायच्या आत काकू म्हणत, “या की! जागा लय हाय.”

दुसऱ्या दिवशी आवार भरलं, कुंपणाबाहेरचा रस्ताही भरला. ढोल आले, कैताळ म्हणजे मोठ्या झांजा आल्या. पांढरी मुंडाशी बांधलेले गडी रिंगण धरून गजी नाचायला लागले. सुभेदार नानासो पहिल्यांदा ‘लेफ्ट-राइट’ म्हणत नाचले, मग ते सोडून खरंच नाचले. जयराज डॉक्टर सुट्टी टाकून आला होता; त्याला कुणी रिंगणात ओढलं तेव्हा तो म्हणाला, “मी सरकारी नोकर आहे, मला आंदोलनात भाग घेता येत नाही.” मायानं त्याच्या हातात लसीची सुई दिली. “मग काम करा. सरकारी नोकर कामाला लागला म्हणून कुणी कारवाई करत न्हाई.” डॉक्टरनं तिथंच लसी टोचायला घेतल्या.

दुपारी जिल्ह्याचे साहेब आले. त्यांची गाडी रस्त्याच्या तोंडालाच अडली. साहेब उतरले, बूट सांभाळत, लेंड्या चुकवत, मधेच एका मेंढ्याला ‘एक्सक्यूज मी’ म्हणत पायरीपर्यंत पोचले. त्यांचं बोलणं म्हणजे छापील कागदच.

“सदर प्रकाराची गंभीर दखल घेण्यात आलेली आहे,” ते राजवर्धन साहेबांना म्हणाले. “या आवारात जनावरं बसवण्यास अनुमती कोणी दिली?”

सुलाबाई पहिल्यांदा घाबरली. काकूंचा पोरगा आता ‘मी दिली न्हाई’ म्हणाला की संपलं. पोलिसांची गाडी येणार, मेंढरं हाकलली जाणार आणि दवाखान्याला कुलूप. त्याच्या जागी कुणीही तसंच म्हटलं असतं. नोकरी आहे, वरचा साहेब समोर आहे आणि शब्द तरी काय, अर्ध्या कानानं दिलेला. तिनं काठी घट्ट धरली.

राजवर्धन साहेबांनी आईकडं बघितलं. काकू भाकरी थापत होत्या; त्यांनी वर बघितलंही नाही. पण थापायचा आवाज थांबला.

“मी दिली, सर,” राजवर्धन म्हणाले. “दोन रातींचा शब्द दिला. उद्या सकाळपर्यंत मी त्यांना उठवणार नाही. आणि सर, बाभूळवाडीचा दवाखाना बंद करायला नको होता, हेही मी अहवालात लिहितोय.”

थापायचा आवाज परत सुरू झाला.

वरच्या साहेबांनी मोर्चा सुलाबाईकडं वळवला. “बाई, आपली मागणी शासनस्तरावर विचाराधीन असून त्या अनुषंगाने योग्य ती कार्यवाही—”

“सायेब,” सुलाबाई म्हणाली. त्यातल्या त्यात हळू, म्हणजे कुंपणापर्यंतच. “हे मला कळलं न्हाई. मेंढरांस्नी बी कळलं न्हाई. रानाच्या मालकावानी बोला. दवाखाना ऱ्हानार का जानार?”

“म्हणजे, तत्त्वतः…”

“ऱ्हानार का जानार?”

“वित्तीय मर्यादा लक्षात घेता…”

“मालक!” आता मात्र तिनं खरा आवाज लावला. आवारातली, रस्त्यावरची, गाडीभोवतीची सगळी मेंढरं एकदम गप्प होऊन उभी राहिली आणि साहेबांकडं बघायला लागली. ढोलवाले थांबले. शेकडो तोंडं, एकही हूं की चूं नाही. असं गप्प बसून बघणारं आंदोलन साहेबांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

साहेबांनी रुमालानं मान पुसली. कुठला दवाखाना मिटवायचा हे जिल्ह्यातूनच ठरलं होतं, म्हणजे त्यांच्याच सहीनं. आणि त्यांच्याच सहीनं ते मोडता येत होतं. तेही कोरेगावकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. पार आतून, कागदाच्या खालून, त्यांचा गावाकडचा आवाज वर आला.

“ऱ्हाईल,” ते म्हणाले. “ऱ्हाईल बाई दवाखाना. न्हाई बंद करत.”

“झालं की!” सुलाबाई हसली. “एवढंच म्हनायला किती येळ घातला.” आणि वाघरीचा खुंटा उपटायला निघाली. तिच्या दृष्टीनं व्यवहार पुरा झाला होता.

“आत्याबाई, थांबा!” मायानं तिचा पदर धरला. “ह्यो सरकारी शब्द हाय. ह्याला शिक्का लागतो.”

“त्यांनी तोंडानं सांगितलं न्हवं?”

“तोंडानं सांगितलेले माझ्याकडं पाच संप पडून हायत.”

वरच्या साहेबांना शिक्क्यासाठी आत जावं लागलं. जाताना त्यांनी आंब्यांकडं बघितलं, राजवर्धन साहेबांच्या कानाशी लागले आणि म्हणाले, “माझ्या घरी पण जरा रान रिकामं आहे. ही बाई पुढच्या साली तिकडं येईल का, विचार.”

“तुम्हीच विचारा, सर,” राजवर्धन म्हणाले. “मला त्यांच्याशी बोलायची भीती वाटते.”

एक तारखेला सकाळी बाभूळवाडीतल्या दवाखान्याचं दार उघडंच होतं. टोचायची राहिलेली मेंढरं दारापासून लिंबापर्यंत उभी होती. सुभेदार नानासो ‘एक लाइन! एक लाइन!’ करत होते आणि मेंढरं त्यांना विचारत नव्हती. आतून जयराज डॉक्टर ओरडला, “मावशी, पुढची सोडा!”

सुलाबाईनं एका दांडग्या मेंढीला ढुंगणावर थाप मारून आत ढकललं.

“जा गं बया, भिऊ नगं. डाक्टर आपलाच हाय.”

आकाराम पायरीवर बसला होता. त्यानं आत बघितलं, बायकोकडं बघितलं आणि त्याच्या तोंडून एकदम चार शब्द बाहेर पडले.

“लय झ्याक केलंस, सुला.”

सुलाबाई इतकी चकित झाली, की त्या दिवशी तासभर तरी ती हळू बोलली. वाडीला वाटलं, तिला बरं नाही. दोघीतिघी विचारायलाही येऊन गेल्या.